हातचे तीन

चारशे सतरा नंबरचा फॉर्म हातात आला तेव्हा तुळशीदासला भूक लागली होती, बाकी काही नाही. साडेबारा वाजत आले होते. खालच्या पत्र्याच्या कारखान्यातली धडधड जेवणाच्या सुट्टीसाठी थांबायला अजून दहा मिनिटं होती, आणि तेवढ्यात आणखी चार फॉर्म हातावेगळे होतील असा त्याचा अंदाज होता. मरोळच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या दुसऱ्या मजल्यावर चार वर्षं तो हेच करत आला होता. कंपनीच्या मुली घरोघर जायच्या, बायकांना प्रश्न विचारायच्या, बायका जे बोलतील ते जसंच्या तसं लिहून आणायच्या, आणि तुळशीदासनं टेबलाशी बसून त्या बोलण्याला आकडे द्यायचे. नवऱ्याला विचारते म्हणाली की एक. स्वतः ठरवते, दोन. दोघं मिळून, तीन. घरातली वडील माणसं, चार. इतर, पाच. सांगता येत नाही, नऊ. एवढी घरं, एवढे संसार, एवढी धुसफूस, सगळं शेवटी सहा आकड्यांत बसायचं, आणि नाही बसलं तर बसवायचं. याला विश्लेषण म्हणतात आणि ते करणाऱ्याला अॅनालिस्ट. आईनं शेजारणींना सांगताना त्या शब्दाचं काय काय केलं होतं ते न सांगितलेलंच बरं. पण घाटकोपरच्या त्या चाळीत तो शब्द प्रथम त्याच्यामुळंच आला, हे मात्र खरं.

सर्वेक्षण कपडे धुण्याच्या यंत्राचं होतं. तेविसावा प्रश्न नेहमीचाच, घरात एखादी मोठी वस्तू घ्यायची झाली तर ते कसं ठरतं. आणि त्याखाली फील्डवरच्या मुलीनं गिचमिड अक्षरात उतरवलं होतं: 'मी दोन रकाने आखते. एकीकडे घ्यायची, एकीकडे नको. मुद्द्यांना वजनं देते, मग गुण देते. बेरीज वरून खाली करते आणि एकदा खालून वर. मग घरचे त्यांना पाहिजे ते ठरवतात.' तुळशीदास हसला. बाईला विनोदाचं अंग आहे, असं त्याच्या मनात आलं. पाचाचा आकडा लिहायला त्यानं पेन टेकवलं, आणि मग 'खालून वर' या दोन शब्दांवर त्याची नजर परत गेली, आणि भूक जी गेली ती गेलीच. पहिलं पान उलटून त्यानं नाव पाहिलं. सौ. मीरा श्यामकांत राणे. बोरिवली पश्चिम. वय सत्तावीस. शिक्षण बी.कॉम., पुढे एक वर्ष. मीरा नावाच्या कुणाला तो ओळखत नव्हता. खाली कारखाना बंद झाला, सगळे डबे उघडून बसले, कुणीतरी त्याला हाक मारली. तो फॉर्म हातात धरून तसाच बसून राहिला.

तिचं नाव शेवंती होतं. आजीचं नाव ठेवलेलं. विद्यापीठाच्या मॅनेजमेंटच्या वर्गात पहिल्या दिवशी हजेरी घेताना ते नाव आलं तेव्हा कुलाबा-पेडर रोडकडची पोरंपोरी एकमेकांकडे बघून हसली होती, आणि त्यामागोमाग 'तुळशीदास' आलं तेव्हा तर प्राध्यापकांनाही हसू आवरेना. तासानंतर ती त्याच्या बाकाशी येऊन म्हणाली, "चला, एकाला दोन झालो. तुळस आणि शेवंती, आता फक्त देव शोधायचा." भांडुपची होती. बाप गिरणीत, मूळ गाव मालवणकडचं. बाप रोजच्या कापडाची नोंद ठेवायचा आणि पोरीला लहानपणापासून जवळ बसवून बेरजा घालायचा. "वरसून खाली केलंस तर तुका व्हया ता येतला," तो म्हणायचा, "खालसून वर कर, खरा ता येतला." वर्गात कॅल्क्युलेटर घेऊन बसलेली पोरं तिच्या त्या उलट्या बेरजेला हसायची. पण बटणं दाबून त्यांचं उत्तर येईपर्यंत हिचं दोनदा तपासून झालेलं असायचं. तुळशीदास संख्याशास्त्रात पहिला आला खरा, पण पेपर सुटल्यावर आपलं उत्तर बरोबर आहे की नाही ते तो तिलाच विचारायचा.

चाळीतला एकेक मुलगा कॉमर्सला जायचा आणि बँकेच्या परीक्षेला बसायचा, त्या काळात या दोघांनी मॅनेजमेंटची वाट धरली याचं त्यांना स्वतःलाच नवल होतं. तिथं शिकवायचे ते मात्र त्याला फार आवडलं. जगातली कुठलीही अडचण असो, कागद घ्या, मध्ये रेघ मारा, पर्याय लिहा, मुद्दे लिहा, मुद्द्यांना महत्त्वाप्रमाणे वजन द्या, दहापैकी गुण द्या, गुणाकार, बेरीज. ज्याची बेरीज मोठी तो निर्णय. लहानपणापासून त्याच्या घरी निर्णय ओरडून व्हायचे. बाप ओरडायचा, आई रडायची, आणि जो आधी थकेल तो हरला. त्यामुळं कागदावर शांतपणे ठरवता येतं हे कळल्यावर त्याला एकदम माणसात आल्यासारखं वाटलं. कुठला सिनेमा बघायचा यासाठीसुद्धा तो रकाने आखायचा. शेवंती म्हणायची, "तुळश्या, तुला भूक लागली की नाही ते तरी कागद न घेता सांगता येतं का रे?"

गिरण्यांचा संप लागला तेव्हा ती दोघं पहिल्या वर्षाला होती. जानेवारीत सगळ्यांना वाटलं, महिनाभर चालेल. मे महिना उजाडला तरी गिरणीचा भोंगा गप्पच होता. शेवंतीचा बाप, काशीराम, भांडुपच्या खोलीत दाराशी बसून असायचा आणि आल्यागेल्याला चहा विचारायचा. त्याच सुमाराला बोरिवलीचं स्थळ आलं. मुलगा सरकारी नोकरीत, घर स्वतःचं, देणंघेणं काही नको, पुढे शिकायचं असेल तर बघू म्हणाले. तुळशीदास एकदा नोट्स द्यायला गेला होता तेव्हा काशीरामनं त्यालाच मध्ये घातलं. "तू शिकलेलो माणूस," तो म्हणाला, "तूच सांग तिका काय ता." आत स्टोव्हपाशी शेवंती पाठमोरी उभी होती. ती वळली नाही. त्या घराला त्याचा किती भरवसा होता हे आठवलं की अजूनही त्याला दोन्ही हात कुठे ठेवावेत ते कळत नसे. तिथल्या तिथे तो म्हणू शकला असता, काका, मी आहे ना. चार शब्दांचं काम. तो म्हणाला, "विचार करून सांगतो."

आणि त्यानं विचार केला, तिथंच सगळी वाट लागली. परीक्षा संपल्यावर वर्गातली सहा-सातजणं मनोरीला गेली होती. दिवसभर समुद्र झाला, मासळी झाली, बाकीचे अजून पाण्यात होते तेव्हा ही दोघं पुढे चालत जेट्टीवर येऊन बसली. होडी पलीकडे मार्वेला लागलेली होती, येते येते म्हणत येत नव्हती. शेवंतीच्या साडीच्या काठाला वाळू चिकटली होती आणि ती एकेक कण वेचून काढत होती. "बाबा परवा उत्तर देणार आहेत," ती म्हणाली. "काय करू सांग." आज सत्तावीस वर्षांच्या माणसाला त्या प्रश्नाचा अर्थ लख्ख दिसत होता. बाईमाणसानं याहून उघड आणखी काय विचारायचं असतं. पण तेव्हाच्या बावीस वर्षांच्या तुळशीदासनं पिशवीतून एका सायक्लोस्टाईल केलेल्या पानाचा कोरा मागचा भाग काढला आणि मध्ये रेघ मारली.

त्यानं डावीकडे लिहिलं, 'शिक्षण पुरं करून थांबणं'. उजवीकडे, 'बोरिवली'. आपलं नाव त्यानं कुठंच लिहिलं नाही, ते थांबण्यातच आलं असं त्यानं धरलं होतं आणि तिनंही धरलं असेल असं धरलं होतं. मग मुद्दे. शिक्षण, नोकरी, घरची परिस्थिती, धाकट्या बहिणीचं लग्न. प्रत्येकाला किती गुण ते तो विचारत गेला आणि ती सांगत गेली. मध्ये एक मुद्दा होता, 'स्वतःची इच्छा'. "थांबायची इच्छा, दहापैकी?" त्यानं कागदावरून मान वर न करता विचारलं. तिनं काठावरचा आणखी एक कण वेचला. मग म्हणाली, "नऊ." वजन तीन. तीन नव्वे सत्तावीस. त्यानं सत्तावीस लिहिले. पुढे ती म्हणाली, "बोरिवलीला चार," आणि हसली. शेजारी रिकाम्या पाट्या घेऊन बसलेली एक कोळीण कौतुकानं बघत होती. "शालेचा अभ्यास हाय का रं?" तिनं विचारलं. "हो मावशी," शेवंती म्हणाली, "परीक्षाच आहे." होडी दिसायला लागली होती, पाण्यात गेलेले बाकीचे ओरडत धावत येत होते, तुळशीदासनं घाईनं खाली रेघ मारून बेरीज केली. थांबणं, ब्याऐंशी. बोरिवली, अठ्ठ्याऐंशी. त्यानं कागद तिच्या हातात दिला. तिनं तो घेतला, खाली मान घालून बराच वेळ पाहिला, नीट चार घड्या घातल्या. "बरं," ती म्हणाली. होडीत ती दुसऱ्या टोकाला जाऊन बसली, कारण तिकडे वारा होता, असं त्याला वाटलं.

वैशाखातच लग्न झालं. पत्रिका आली होती, तो गेला नाही. पुढे कुणाकडून तरी ऐकलं की नाव बदललं. ताटात तांदूळ पसरून नवऱ्यानं अंगठीनं नवं नाव लिहिलं, ते काय लिहिलं हे सांगणाऱ्याच्या लक्षात राहिलं नव्हतं. दुसऱ्या वर्षी वर्गात तिची जागा रिकामी राहिली आणि मग एका पोरानं तिथं आपलं हेल्मेट ठेवायला सुरुवात केली.

आणि खरी लाजेची गोष्ट तर पुढेच आहे. शेवटच्या वर्षाला कंपन्या मुलाखती घ्यायला आल्या. तीन माणसं टेबलापलीकडे बसली होती, त्यातल्या मधल्यानं विचारलं, हे सगळं तुम्ही शिकलात, प्रत्यक्ष आयुष्यात कधी वापरलंत का? पोरं अशा वेळी मामाच्या दुकानाचं वगैरे काहीतरी सांगायची. तुळशीदासनं मार्वे-मनोरीचं सांगितलं. एका मैत्रिणीपुढे दोन पर्याय होते, मी मुद्दे काढले, वजनं दिली. तो छान बोलला. अडखळला नाही. मधल्या माणसानं मान डोलावून विचारलं, "मग निकाल काय लागला?" आणि तो म्हणाला, "तिनं शिफारस मान्य केली." तिघेही खूश झाले. आठ दिवसांत पत्र आलं. आईनं देवापुढे पेढा ठेवला, बापानं जन्मात पहिल्यांदा पाठीवर हात ठेवला. त्या रात्री जेवताना त्याला घास गिळेना तेव्हा आई म्हणाली, आनंदानं होतं असं.

पण त्याला आतून कुरतडत होती ती गोष्ट वेगळीच होती आणि ती त्यानं कुणाला, अगदी स्वतःलासुद्धा, पुरी कधी सांगितली नव्हती. जेट्टीवर ब्याऐंशी आणि अठ्ठ्याऐंशी हे आकडे आले त्या क्षणी त्याला वाईट वाटलं हे खरं. पण त्याच्या आधी, अगदी डोळा लवतो तेवढ्यापुरतं, त्याला हायसं वाटलं होतं. नोकरी नाही, एका खोलीत सहा माणसं, बापाचं ओरडणं, त्यात हिला आणून कुठं ठेवणार होता तो. कागदानं त्याला सोडवलं. हायसं वाटलं होतं, आणि पाच वर्षं ते हायसं वाटणं पोटात तसंच पडून होतं.

दर दहा फॉर्मांमागे एक घर ऑफिसचं माणूस पुन्हा जाऊन तपासून यायचं. मुलगी खरंच तिथं गेली होती की घरी बसून फॉर्म भरले, एवढंच बघायचं असतं. त्याला बॅक-चेक म्हणायचे आणि ते काम फील्डच्या विमलाबाईंचं. तुळशीदासनं त्यांच्याकडे जाऊन चारशे सतरा मागितला तेव्हा त्यांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "तू जाणार बोरिवलीला? एप्रिलचं ऊन बघितलंस काय? खुर्ची गरम करायला मिळते ती सोडून?"

"उत्तर जरा विचित्र आहे," तो म्हणाला. "मुलीनं मनानं लिहिलंय की काय ते बघतो."

"बघ बाबा. माझे पाय वाचले." त्यांनी तपासणीची स्लिप फाडून दिली. मग तो जिन्यापाशी पोचल्यावर मागून, ऑफिसातल्या नावानं हाक मारत म्हणाल्या, "टीडी, केस विंचरून जा. बॅक-चेकला जातोस, कुणाच्या मयताला नाही."

बसमध्ये बसल्यावर त्याला कळेना की आपण नक्की कशाला चाललोय. क्षमा मागायला? कसली? ती सुखी आहे का बघायला? सुखी असली तर तू काय करणार, आणि नसली तर तू काय करणार, असं तो स्वतःला विचारत होता, आणि सवयीनं मनात रेघ मारली गेली, डावीकडे सुखी, उजवीकडे दुःखी, तेव्हा त्याला स्वतःचाच संताप आला आणि कांदिवली येईपर्यंत तो खिडकीबाहेरच्या पाट्या वाचत राहिला. एक गोष्ट त्याला तिला सांगायची होती, एवढं नक्की. त्या दिवशी तू विचारलंस तेव्हा माझं उत्तर तयार होतं. तेवढं सांगायचं आणि यायचं. ते ऐकून तिचं काय होईल याचा विचार त्यानं केला नव्हता, आणि सगळ्या आयुष्यात हाच एक विचार त्यानं आधी करायला हवा होता.

तिसऱ्या मजल्यावर दार उघडंच होतं. गॅलरीत सुपांमध्ये कोकमाची सोलं वाळत घातलेली होती आणि दोरीवर एक छोटा पिवळा फ्रॉक. दाराशी पाटावर बसलेल्या सासूबाई, अंजनाबाई, त्यांनी आधी त्याच्या चपला पाहिल्या, मग त्याला. "कंपनीतून आलोय," तो म्हणाला. "परवा एक मुलगी येऊन गेली ना, त्याची तपासणी." त्या आत वळून म्हणाल्या, "मीरा, अगं ते यंत्रवाले आलेत परत."

ती पदराला हात पुसत आली. जरा भरली होती, केस मागे घट्ट बांधलेले. त्याला पाहून ती थांबली नाही, दचकली नाही, फक्त पुसलेला हात पुन्हा एकदा पुसत राहिली. "सौ. मीरा राणे," त्यानं कागदावरून वाचलं, कारण दुसरं काही वाचण्यासारखं नव्हतं, "आपणच का?"

"हो," ती म्हणाली. "मीच. बसा."

त्याच्या आयुष्यात 'तुळश्या, बस' पासून 'बसा'पर्यंतचं अंतर त्यानं त्या खुर्चीवर बसून मोजलं. सासूबाई समोरच होत्या. त्यानं स्लिपवरचे प्रश्न विचारले. मुलगी आली होती का? आली होती. किती वेळ होती? अर्धा तास. सगळे प्रश्न तिनंच विचारले का? तिनंच. तेविसावा प्रश्न, तो म्हणाला, याचं उत्तर आपण दिलंत तेच लिहिलंय का? त्यानं ते वाचून दाखवलं. सासूबाई हसल्या. "अशीच आहे ही," त्या म्हणाल्या, "मिक्सर घेतला तेव्हा दोन दिवस वहीत आकडे मांडत होती. आणि घेतला तो शेवटी माझ्या भाच्यानं सांगितला तोच." उन्हाकडे बघून त्या उठल्या, "सोलं उलटते, नाहीतर करपतील," म्हणत गॅलरीत गेल्या.

"ब्याण्णव होते," शेवंती म्हणाली.

त्याला समजलं नाही.

"डावीकडची बेरीज. तू ब्याऐंशी लिहिलेस. हातचे तीन होते, तू दोन धरलेस." ती अगदी हळू, भाजीचा भाव सांगावा तशी बोलत होती. "होडी लागायच्या आधी मी खालून वर केली होती. दोनदा."

त्यानं पेन खाली ठेवलं. "मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? संख्याशास्त्रात पहिला आलेला मुलगा पाच आकड्यांची बेरीज चुकतो होय? मला वाटलं, याला नको आहे. तोंडानं सांगायला जड जातंय म्हणून बेरजेतून सांगतोय. मी काय तुझ्या मागे लागणार होते?"

सासूबाई हात झटकत आत आल्या आणि ती तिथल्या तिथे म्हणाली, "हो, वीज कधी कधी जाते इथं, ते पण लिहा." तुळशीदासनं मान खाली घातली आणि स्लिपच्या मागे लिहायला लागला. त्याला ते आकडे आठवत होते, सगळेच्या सगळे. चोवीस, चौदा, सत्तावीस, नऊ, अठरा. तो खालून सुरुवात करून वर गेला. आठ आणि नऊ सतरा, सात चोवीस, चार अठ्ठावीस, चार बत्तीस. बत्तीसचे दोन, हातचे तीन. एक, शून्य, दोन, एक, दोन, सहा, आणि तीन, नऊ. ब्याण्णव. तिचा बाप संपात बसून चहा विचारत होता, ती नऊ म्हणाली होती, आणि यानं होडीच्या घाईत एक हातचा गाळला. की घाईत नाही? ते हायसं वाटणं आकडा आल्यावर आलं होतं, की आधीच हातात येऊन बसलं होतं आणि त्यानंच पेन चालवलं? त्याला खरंच सांगता येईना. स्वतःच्या हाताची साक्ष कुठून आणायची.

"पाणी तरी घ्या," म्हणत सासूबाई स्वतःच आत गेल्या. माठावरच्या झाकणाचा आवाज आला. शेवंती पुढे वाकली. पाच वर्षांत पहिल्यांदा तिनं त्याच्याकडे सरळ पाहिलं.

"एकच सांग," ती म्हणाली. "चुकून झालं की मुद्दाम?"

उत्तर तोंडाशी आलं होतं. चुकून. जे सांगायला तो मरोळहून आला होता तेही त्यातच आलं. चुकून झालं शेवंती, माझं उत्तर तूच होतीस, आजही आहेस. पण तिच्या चेहऱ्याकडे बघताना त्याला दिसलं की ती श्वास धरून आहे, आणि ती कुठल्या उत्तराला घाबरलीय ते त्याला एकदम कळलं. ज्याला आपण नको होतो त्या मुलाला सोडून आलेली बाई संसार करू शकते. पोरीचा फ्रॉक वाळत घालू शकते, सोलं उलटू शकते. पण एका गाळलेल्या हातच्यामुळं इथं येऊन पडलेली बाई, आणि ती चूक दिसलेली असून गप्प बसलेली बाई, तिनं रोज सकाळी उठायचं कसं?

"मुद्दाम," तुळशीदास म्हणाला.

तिचे खांदे खाली आले. "बरं झालं," ती म्हणाली, आणि डोळ्यांच्या कडा तिनं बोटानं पुसल्या, घाम पुसावा तशा. "मला कधी कधी वाटायचं, चुकूनच झालं असेल तर. मग मला वेडच लागलं असतं रे." तो 'रे' त्याच्या हाती आला आणि तेवढ्यात पाण्याचा तांब्या आला. तो गटागटा प्यायला. स्लिपवर तिनं सही केली, मीरा श्या. राणे, आणि सहीखाली जुन्या सवयीनं एक छोटी रेघ ओढली. निघताना सासूबाईंनी विचारलं, यंत्र कधी येणार बाजारात. तो म्हणाला, येईल लवकरच.

तो परत आला तेव्हा खालचा कारखाना चालू होता. विमलाबाईंनी स्लिप घेतली, सही पाहिली. "मग? पोरीनं मनानं लिहिलंय?"

"नाही. बाईंनीच सांगितलंय ते."

"म्हणजे मुलाखत खरी?"

"खरी."

"उगाच पाय झिजवलेस." त्यांनी स्लिप खिळ्याला अडकवली. तुळशीदास टेबलाशी बसला. तेविसाव्या प्रश्नासमोरचा चौकोन अजून रिकामाच होता. नवरा, स्वतः, दोघं मिळून, घरातली वडील माणसं. त्यानं यादी वरून खाली वाचली आणि मग खालून वर. मग चौकोनात पाच लिहिले, इतर, आणि चारशे अठरा नंबरचा फॉर्म पुढे ओढला.